सात नंबरचा ठोकळा

एर्सिलियाने खिडकीचा पडदा ओढला, डॉक्टरांच्या खुर्चीत बसली आणि मायक्रोस्कोपखालची काच किंचित डावीकडे सरकवली. एकतीस वर्षं ती या खोलीत काम करत होती, पण त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. मांसाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे काप घ्यायचे, ते काचेवर उचलायचे, रंगवायचे आणि काचा पुसून ट्रेमध्ये लावून द्यायच्या, इथे तिचं काम संपायचं. काचेत काय दिसतं ते सांगणं डॉक्टरांकडे होतं.

डॉक्टर इरिगाराय जेवायला गेल्या होत्या. टेबलाच्या कडेला त्यांनी टाइप केलेला रिपोर्ट होता, आदेमार फागुंदेसच्या नावाचा. सही तेवढी राहिली होती. जेवण झालं की त्या येऊन सही करणार आणि रिपोर्ट वरच्या मजल्यावर कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जाणार. ते राजधानीहून महिन्यातून एकदाच पासो देल सेइबोला येत आणि संध्याकाळी सातच्या बसने परत जात. आदेमार दहा वाजल्यापासून त्यांच्या दारासमोरच्या बाकावर बसला होता.

रिपोर्ट चांगला होता. माणसाच्या प्रत्येक पेशीत चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं असतात. ती जिथे आहेत तिथे रंग तपकिरी चढतो. आदेमारच्या आतड्यातल्या गाठीत त्यांतली दोन नव्हती, तिथे गाठ निळीच राहिली होती. आजाराच्या या टप्प्यावर अशी गाठ सहसा परत येत नाही, आणि तिच्यावर केमोचा उपयोगही होत नाही. म्हणून केमो नको. तिथे तपकिरी रंग दिसला असता, तर मात्र सुटका नव्हती. आतडं तुंबल्यामुळे घाईघाईत ऑपरेशन झालं होतं, गाठ आतड्याच्या भिंतीतून बाहेरच्या चरबीपर्यंत गेली होती. सहा महिने औषध घ्यावं लागलं असतं.

त्या औषधाने बोटांची जाणीव जाते. काहींची परत येते, काहींची येत नाही. आदेमार कच्च्या कातड्याच्या बारीक वाद्या विणून लगाम करायचा. सोळा वाद्यांचा गोल लगाम, कुठे गाठ नाही, कुठे जोड दिसत नाही. विणताना तो हातांकडे बघायचाच नाही, समोरच्या माणसाशी गप्पा मारायचा. नदीपलीकडचे लोकसुद्धा लगामासाठी वर्षवर्ष थांबत.

दुपारी बारा वाजता त्याची बायको नाइर खाली येऊन गेली होती. ती याच इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. डॉक्टर तिला जिन्यात भेटल्या आणि त्यांच्याने राहवलं नाही, बहुतेक केमो लागणार नाही म्हणून सांगून बसल्या. नाइर पिठाच्या हातांनी तशीच धावत आली होती.

"म्हणजे आणखी तीस वर्षं हा माणूस माझ्या मोरीत कातडी भिजत घालणार," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, सुटले आता त्या वासातून."

मग ती एप्रनमध्ये तोंड घालून रडली होती, आणि एर्सिलियाने तिच्या पाठीवरून हात फिरवला होता.

ती गेल्यावर ट्रे आवरताना एर्सिलियाने सवयीने एक काच खिडकीकडे धरली. काचेवर दोन तुकडे होते. कडेला लहान तुकडा नमुन्याचा, दुसऱ्या कुणाच्या तरी अपेंडिक्सचा. रंग नीट चालतोय ना, हे कळावं म्हणून तो प्रत्येक काचेवर असतो. तो नुसत्या डोळ्यांनाही तपकिरी दिसत होता. शेजारी आदेमारचा तुकडा. तो निळा होता. गाठ निळी होती ते ठीक, पण तो सगळाच्या सगळा निळा होता, आकाशासारखा. एर्सिलियाने आयुष्यात काही हजार काचा उजेडात धरल्या होत्या. अशी काच तिने पाहिली नव्हती. म्हणून ती खुर्चीत बसली.

आता तिने गाठ सोडून शेजारच्या निरोगी आतड्याकडे काच नेली. तिथल्या पेशी तपकिरी हव्या होत्या. कुणाच्याही असतात. त्या निळ्या होत्या. गाठीभोवती जमलेल्या पांढऱ्या पेशीही निळ्या. एका कोपऱ्यात चारदोन ठिपके मातकट दिसत होते. डॉक्टरांनी तेच तपकिरी धरले असणार. चाळीस काचा बघून झाल्या होत्या, भूक लागली होती, आणि वरच्या बाकावर कोण बसलंय हे त्यांना माहीत होतं.

रंग कुठेच चढला नव्हता. या काचेवरून गाठीबद्दल काहीच सांगता येत नव्हतं, ना चांगलं ना वाईट.

आणि रंग का चढला नाही, ते या इमारतीत एकट्या एर्सिलियाला ठाऊक होतं.

सहा आठवड्यांपूर्वीचा बुधवार. पर्यटन-आठवड्यातला. त्या आठवड्यात देश बंद असतो. ज्याला घोडा आहे तो घोड्यांच्या खेळांना जातो, ज्याला जाळं आहे तो नदीवर. एर्सिलियाची बहीण आणि तिचा नवरा मिल्टन ट्रकमध्ये तंबू टाकून फाटकाशी उभे होते. एर्सिलियाने कोट काढला आणि तेवढ्यात ऑपरेशनच्या खोलीतून बादली आली. हातभर आतडं, मधोमध गाठ.

असं आतडं आलं की कात्रीने लांबीतून उघडायचं, धुवायचं, बुचाच्या फळीवर टाचण्यांनी पसरायचं आणि मग फॉर्मालिनमध्ये बुडवायचं. न उघडता बुडवलं तर औषध बाहेरून थोडंसं आत शिरतं, पण आतली बाजू बंद नळीत सडत राहते. हे सगळं तिला या इस्पितळाच्या पहिल्या डॉक्टरांनी शिकवलं होतं. ते आता हयात नव्हते. आधी कार्ड लिहायचं आणि मग हात घालायचे, हेही त्यांनीच शिकवलेलं. हात एकदा ओले झाले की लिहिता येत नाही, आणि कोरडे होईपर्यंत माणूस विसरतो. एर्सिलिया एकतीस वर्षं आधी कार्ड लिहीत आली होती. त्या बुधवारीही तिने लिहिलं: उघडलं, धुतलं, टाचलं. पुढे सही.

मग मिल्टनचा भोंगा वाजला. एकदा, दोनदा, मग सोडलाच नाही. खिडकीतून तो ओरडला की आतडी काही पळून जात नाहीत, चल. तिने कार्डाकडे पाहिलं. काम झाल्याचं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तिने आतडं अख्खंच फॉर्मालिनमध्ये सोडलं, झाकण लावलं आणि गेली.

नदीवर चार दिवस तिला ते आठवलंही नाही. तळलेले मासे खाल्ले, पत्ते खेळली. सोमवारी सकाळी झाकण काढलं तेव्हा वास आला. आतली बाजू राखाडी, बुळबुळीत झाली होती. तिने ते उघडलं, धुतलं, टाचलं. मंगळवारी डॉक्टर आल्या, त्यांनी फळीवरच्या आतड्याचे तुकडे पाडले. ऑपरेशनच्या खोलीतले लोक मांस उन्हात ठेवतात की काय, असं त्या पुटपुटल्या. एर्सिलियाने त्यांच्या हातात चिमटा दिला. साध्या रंगात गाठ ओळखू आली, रिपोर्ट गेला. आणि चार प्रथिनांचा रंग चढवणारी औषधं राजधानीहून येईपर्यंत मे महिना संपत आला.

तिने डोळे मायक्रोस्कोपवरून काढले. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. खुर्ची पुसून जागेवर ठेवता आली असती. रिपोर्ट वर गेला असता, आदेमारने संध्याकाळी घरी जाऊन कातडं भिजत घातलं असतं. दोन वर्षांनी आजार परत आला असता तर लोकांनी त्याला नशीब म्हटलं असतं. आला नसता तर प्रश्नच नव्हता. तिने खिशातून रुमाल काढून तळहात पुसले. मग पुन्हा पुसले.

दार उघडलं. डॉक्टर इरिगाराय काखेत थर्मास आणि हातात माते नावाच्या कडू चहाचं भांडं घेऊन आत आल्या. अडतिशीची बाई, चालताना कायम घाईत.

"वा, खुर्ची तुम्हाला शोभते," त्या म्हणाल्या. "पगारही घ्या माझा."

एर्सिलिया उठली नाही.

"डॉक्टर, ही काच एकदा बघा."

"बघितली की. टाइपही केलं."

"गाठ नका बघू. बाजूचं बघा."

डॉक्टरांनी थर्मास खाली ठेवला. एर्सिलिया उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरांनी एकदा पाहिलं, भिंग बदललं, पुन्हा पाहिलं. बराच वेळ नुसता काच सरकल्याचा आवाज येत होता.

"नमुना तपकिरी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. पण आवाजात आता घाई नव्हती.

"नमुना दुसऱ्या माणसाचा आहे. तो नीट मुरलेला आहे."

"हो." त्या मागे टेकल्या. "याच्या पांढऱ्या पेशीसुद्धा कोऱ्या आहेत. मी कशी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग त्यांचा पारा चढला. "हे ऑपरेशनच्या खोलीतल्यांचं काम. मी त्या मंगळवारीच म्हटलं होतं. मांस काढतात, टेबलावर ठेवतात आणि कॉफीला जातात. या वेळी मी लेखी तक्रार करणार. कार्ड द्या इकडे."

एर्सिलियाने कपाटातून कार्ड काढून दिलं. डॉक्टरांनी वाचलं.

"हे बघा, तुमच्याकडे आल्यावर तर सगळं वेळेवर झालंय. उघडलं, धुतलं, टाचलं. म्हणजे चूक वरचीच."

खिडकीखाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती.

"उघडलं नव्हतं," एर्सिलिया म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली.

"कार्ड आधी लिहिलं. मग गाडी आली न्यायला. तसंच बुडवून गेले. सोमवारी उघडलं."

"बुधवार ते सोमवार."

"हो."

"आणि मंगळवारी तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहून मला चिमटे देत होता. तेव्हा तोंड नव्हतं तुम्हाला?"

"होतं."

 डॉक्टरांनी मातेच्या भांड्यात पाणी ओतलं आणि न पिता बाजूला ठेवलं. मग टेबलावरचा रिपोर्ट उचलून त्याचे दोन तुकडे केले, आणखी दोन केले.

"मी त्याच्या बायकोला सांगून बसलेय," त्या म्हणाल्या.

"ती इथे येऊन गेली."

पुढचं बोलणं भराभर झालं. वरच्या डॉक्टरांची पुढची फेरी महिन्याने. ऑपरेशनला सहा आठवडे झालेले. औषध द्यायचं तर आठव्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवं, उशीर झाला की त्याचा जोर कमी पडतो. म्हणजे काय ते सातच्या बसच्या आत कळायला हवं होतं. डॉक्टरांनी विचारलं, गाठीचे ठोकळे किती. एर्सिलिया म्हणाली, आठ, पण सात नंबरचाच घ्यावा.

"सातमध्ये निरोगी आतडं नाही. तुलना कशाशी करू?"

"सात बाहेरच्या बाजूचा आहे. गाठ चरबीत शिरते तिथला. फॉर्मालिन बाहेरून आत गेलं असेल तर तिथे पहिल्यांदा पोचलं असणार. चरबीत रक्तवाहिन्या आहेत, पांढऱ्या पेशी आहेत. त्यांच्याशी करा."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिल्या.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच. काचा बघताना तुम्ही मोठ्याने बोलता."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. त्या वरच्या मजल्यावर सांगायला गेल्या.

एर्सिलियाने सात नंबरचा ठोकळा बर्फावर ठेवला. शीतकपाटातून बाटल्या काढून उजेडात धरल्या. न दिसलेल्या दोन प्रथिनांच्या दोन हव्या होत्या. एकीत पुरेसं होतं. दुसरीत तळाशी तीन-चार थेंब. नवी बाटली यायला तीन आठवडे लागतात. म्हणजे त्या थेंबांत एकच काच, आणि ती पहिल्याच खेपेला साधायला हवी.

तिने यंत्राला नवं पातं लावलं आणि चाक फिरवलं. मेणाची पट्टी पात्यावरून पुढे सरकायला लागली. पहिली फाटली, दुसरीत रेघ आली. तिसरी सरळ आली. ती कोमट पाण्यावर पसरली, काच खालून घालून उचलली. मग मेण वितळवणं, धुणं, आणि काचा उकळणं. उकळायला इस्पितळाने यंत्र दिलं नव्हतं. एर्सिलियाने घरचा जुना प्रेशर कुकर आणला होता. या पायरीला कधीकधी काप काचेवरून सुटतो आणि पाण्यात तरंगतो. कुकर थंड होईपर्यंत ती त्याच्यासमोर उभी राहिली. झाकण काढलं तेव्हा काप जागेवर होता.

थेंब टाकले. बाटलीतून शेवटचा थेंब येईना. तिने बाटली उलटी धरून नखाने टिचकी मारली, मग पुन्हा. तो पडला तेव्हा काप जेमतेम झाकला गेला. एका कडेला बोटाच्या नखाएवढी जागा कोरडी राहिली. तिने काच हलकेच कलती करून थेंब तिकडे नेला.

आता तासभर थांबायचं होतं. डॉक्टर इरिगाराय दुसऱ्या काचा बघत बसल्या होत्या.  चारच्या सुमाराला दारात नाइर आली. तिने केस विंचरले होते, चांगला स्वेटर घातला होता.

"आमचं माणूस अजून बाकावरच आहे," ती म्हणाली. "तीन माणसं त्याच्यामागून येऊन गेली. कागद खालून आला नाही म्हणतात."

डॉक्टरांनी मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता सांगितलं की एक काच पुन्हा करतोय.

"चांगली होती ना? चांगली काच पुन्हा कशाला करतात?"

 नाइरने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग एर्सिलियाकडे, मग टेबलावरच्या झाकलेल्या काचांकडे. स्वेटरचं वरचं बटण लावलेलं होतं, ते तिने उगाच काढलं आणि पुन्हा लावलं. मग गेली.

साडेपाचला दोन्ही काचा तयार झाल्या. हिवाळा तोंडावर होता, बाहेर अंधारून आलं होतं. एर्सिलियाने त्या पुसून डॉक्टरांपुढे ठेवल्या. डॉक्टर खुर्चीतून उठल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही बघा. आधी पांढऱ्या पेशी."

एर्सिलिया बसली. चरबी दिसली, मोठमोठी रिकामी घरं. त्यांच्यामधून जाणारी एक रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला ठिपके होते. तपकिरी. शेजारी पांढऱ्या पेशींचा पुंजका, मिरीच्या दाण्यांसारखा, एकेक दाणा तपकिरी. रंग चढला होता. आता काचेवर जे दिसेल ते खरं होतं.

तिने काच गाठीकडे सरकवली. मग थोडी पुढे. मग कडेपर्यंत नेली, परत आणली. थेंब उशिरा पोचलेल्या कोपऱ्यातही गेली. डॉक्टर मागे उभ्या होत्या.

"काय?"

"तपकिरी."

"किती?"

"सगळी."

डॉक्टरांनी स्वतः पाहिलं. दुसरीही काच पाहिली. मग त्या टाइप करायला बसल्या आणि एर्सिलियाने दिवा लावला.

वर गेल्यावर सांगण्याचं काम राजधानीच्या डॉक्टरांनी केलं. ते वयस्कर होते, त्यांना सवय होती. दुपारी कानावर आलेलं बरोबर नव्हतं, ते म्हणाले, आणि त्यात तुमचा दोष नाही. सोमवारी औषधाची पहिली बाटली. सहा महिने. बोटांबद्दलही त्यांनी लपवलं नाही. थंड वस्तूला हात लावू नका, आणि पुढे पुढे असं वाटेल की हातात जाड हातमोजे आहेत. परत येते का जाणीव? बहुतेकांची येते, थोडीफार. आदेमार उंच, वाकलेला माणूस होता, ऑपरेशननंतर कपडे त्याला मोठे झाले होते. तो गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. औषध घेतलं नाही तर काय, असं त्याने एकदा विचारलं, आणि उत्तर ऐकून मान हलवली.

नाइर रडली नाही. ती उभीच होती.

"आणि आम्ही दुपारीच घरी गेलो असतो तर?" ती म्हणाली. "कुणाला कळलं असतं?"

"कळलं नसतं," डॉक्टर इरिगाराय म्हणाल्या.  "मी सही करणार होते. एर्सिलियाबाईंच्या लक्षात आलं."

नाइर वळली. दाराशी उभ्या असलेल्या एर्सिलियाचा हात तिने दोन्ही हातांत धरला. घट्ट धरला. देव तुमचं भलं करो, असं काहीतरी ती म्हणायला लागली. डॉक्टर इरिगाराय खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं होतं, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं.

"थांब नाइर," एर्सिलिया म्हणाली. "लक्षात आलं, कारण चूक माझीच होती. ते आतडं त्याच दिवशी उघडायचं असतं. मी उघडलं नाही आणि उघडलं म्हणून लिहिलं. नदीवर जायचं होतं मला. काच म्हणून कोरी राहिली. ते चांगलं दिसलं, ते चांगलं नव्हतंच."

नाइरचे हात तसेच राहिले, पण त्यांतला जोर गेला. मग तिने ते काढून घेतले आणि स्वेटरला पुसले.

"मी तुमच्यासमोर रडले," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. तू गेल्यावर कळलं."

राजधानीच्या डॉक्टरांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. आदेमार एर्सिलियाकडे बघत होता. 

"आता काचेवर आहे ते पक्कं?" त्याने विचारलं.

"पक्कं."

त्याने मान हलवली. एर्सिलिया खाली आली.

दुसऱ्या दिवशीचं मेण लावून ठेवायचं होतं. तिने वितळलेलं मेण भांड्यातून साच्यात ओतायला घेतलं. ओतताना भांडं कलंडलं, मेण बोटांवर सांडलं. तिने साचा भरला, भांडं जागेवर ठेवलं आणि मग बोटांवरचं थिजलेलं मेण सोलायला लागली.

"भाजलं नाही?"

आदेमार दारात उभा होता. कधी आला ते तिला कळलं नव्हतं.

"या दोन बोटांना कळत नाही," ती म्हणाली. "पात्याने शीर कापली. एकोणीस वर्षं झाली."

तो आत आला. त्याने तिचा हात धरला नाही, पण वाकून नीट पाहिलं. डावा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. पेरांवर पांढरी रेघ.

"काहीच कळत नाही?"

"गरम नाही, गार नाही. काही धरलंय की नाही तेही नाही."

"आणि ते पातळ काप? ते कोण घेतं?"

"मीच घेते."

"किती पातळ?"

"तुमच्या बारीकातल्या बारीक वादीचे पाचशे थर काढले तर त्यातला एक."

आदेमारने यंत्राकडे पाहिलं. पातं, चाक, वर बसवलेला ठोकळा.

"दाखवा," तो म्हणाला.

तिने सात नंबरचा ठोकळा काढून पेटीत ठेवला आणि एक कोरा मेणाचा लावला. चाक फिरवलं. पट्टी पात्यावरून निघाली. डाव्या हातातल्या कुंचल्याने तिने पट्टीचं टोक उचललं आणि चाकाच्या गतीने स्वतःकडे ओढत नेलं. पट्टी वीतभर झाली. ती श्वास सोडला तरी हलत होती.

आदेमार दोनदा तीच कृती बघत राहिला. मग त्याने भिंतीवरच्या खोक्यातून रबरी हातमोजा काढून चढवला. त्याच्यावर दुसरा चढवला. बोटं उघडून मिटून पाहिली आणि तिसराही चढवला. आता हात जाड दिसत होता, परक्याचा असावा तसा. त्याने कुंचला मागितला.

पट्टीचं टोक त्याला उचलता येईना. कुंचला बोटांतून फिरला, खाली पडला. त्याने उचलला. या वेळी टोक उचललं गेलं, पण त्याने ओढलं आणि पट्टी तुटली.

"बोटांकडे बघू नका," एर्सिलिया म्हणाली. "ती काही सांगणार नाहीत. पट्टीकडे बघा. ती ताणली की चमक जाते, तिथे थांबायचं."

दारात नाइर येऊन उभी राहिली. तिच्या हातावर नवऱ्याचा कोट होता. ती आत आली नाही, आणि त्याला हाकही मारली नाही.

पट्टी पुन्हा तुटली. आदेमारने कुंचल्याला चिकटलेलं मेण झटकलं आणि यंत्राच्या आणखी जवळ सरकला.

"पुन्हा," तो म्हणाला.

एर्सिलियाने चाक फिरवलं.